केगमधल्या हॉपचा वास आठ दिवसांत उडतोय? हॉप वाढवू नका, हवा शोधा

"दादा, परत वास गेला बघ. या खेपेला दीडपट हॉप टाकलं होतं, तरी आठव्या दिवशी नुसतं कडू पाणी."

हा माझा आतेभाऊ. मूळचा निलंग्याचा, आता टेक्सासला असतो आणि गॅरेजमध्ये बिअर बनवतो. हॉप म्हणजे बिअरला कडूपणा आणि वास देणारं वाळवलेलं फूल, केग म्हणजे बिअर दाबाखाली ठेवायचं स्टीलचं भांडं. तिकडे घरी बनवायला मुभा आहे. आपल्याकडे नाही. महाराष्ट्र दारूबंदी कायदा, १९४९ प्रमाणे परवान्याशिवाय बिअर बनवणं हा गुन्हा आहे, मग ती विकायची असो की घरी प्यायची. त्यामुळे खाली लिहिलंय ते जिथे घरी बनवणं कायदेशीर आहे अशा ठिकाणच्या आपल्या मंडळींसाठी आणि इथल्या परवानाधारक ब्रुअरीत १९ लिटरच्या छोट्या केगवर ट्रायल घेणाऱ्या पोरांसाठी. मी स्वतः दुसऱ्या गटातला. आधी वाळूजला एका मोठ्या कारखान्यात पॅकिंग लाईनवर होतो, आता संभाजीनगरजवळ एका मायक्रोब्रुअरीत केग, नळ्या आणि कूलरचं बघतो. "वास गेला" ही तक्रार इतक्या वेळा निस्तरली आहे की आता फोनवर पहिली दोन वाक्यं ऐकली तरी अंदाज येतो. बहुतेक वेळा हॉप कमी पडलेलं नसतंच. हवा आत शिरलेली असते, आणि माणूस हॉप वाढवत बसतो. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

आधी लक्षणं

वास "गेला" म्हणजे नेमकं काय झालं, हे आधी ठरवा. यातच निम्मं निदान होतं.

- भरली त्या दिवशी मोसंबीच्या सालीचा, आंब्याचा वास होता. आठवड्याने तो बसला आणि मागे मधासारखा गोडसर, नाहीतर भिजलेल्या पुठ्ठ्यासारखा वास उरला. रंगही गडद झाला: आधी पिवळाधमक, आता पातळ चहासारखा, गढूळ आयपीए (भरपूर हॉपची बिअर) असेल तर राखाडी-तपकिरी. ही हवेची, म्हणजे ऑक्सिजनची खूण.
- रंग जसाच्या तसा, चव स्वच्छ, फक्त वास नाही. मग हवेवर संशय घेऊ नका. हॉप जुनं असेल, चुकीच्या वेळी पडलं असेल, नाहीतर बिअर फार थंड प्यायली जातेय.
- पहिला ग्लास बेचव, दुसऱ्यापासून ठीक. दोष केगमध्ये नाही, नळीत आहे.
- जुन्या चीजसारखा किंवा घामट मोज्यासारखा वास. हॉपच शिळं.
- लोण्यासारखा वास, आणि केगमध्ये दाब आपोआप वाढलेला. ड्राय हॉपनंतर (म्हणजे न उकळता, थेट बिअरमध्ये हॉप टाकल्यावर) यीस्ट पुन्हा जागं झालंय.
- दवाखान्यासारखा, औषधी वास. पाण्यातलं क्लोरीन.
- गॅसचं (कार्बन डायऑक्साइडचं) सिलेंडर लवकर संपतंय. कुठेतरी गळती आहे.

दोन-तीन लक्षणं एकदम असतील तर रंगापासून सुरुवात करा. नाक फसतं, रंग सहसा फसवत नाही. भरायच्या दिवशी पारदर्शक ग्लासात पांढऱ्या कागदासमोर एक फोटो काढून ठेवा, त्याच खिडकीत, त्याच वेळी. आठ दिवसांनी दुसरा काढा.

फुकटातली तपासणी: तुमचं नाक आणि तुमचा ग्लास

ज्या दिवशी पेलेटची (दाबून केलेल्या हॉपच्या गोळ्यांची) पाकिटं फोडली, त्या दिवशी तुमचं नाक कामातून गेलेलं असतं. मिरच्या कुटणाऱ्या बाईला ठसका लागत नाही, तसंच. म्हणून वास आहे की नाही हे दुसऱ्या दिवशी सकाळी ठरवा, आणि शक्यतो त्या कामात नसलेल्या माणसाकडून ठरवून घ्या. तीन ग्लास घ्या, दोनात एकच बिअर, तिसऱ्यात दुसऱ्या केगची. वेगळा कोणता, हे न सांगता ओळखायला लावा. ओळखता आला नाही तर दोन केगांत फरकच नाही, आणि आपण उगाच पाना हातात घेतलाय.

मग तापमान. दोन-तीन अंशांवरच्या बिअरला वास कमीच येतो, कारण सुगंधी तेलं वर उठतच नाहीत. तोच ग्लास दहा मिनिटं तसाच ठेवा, सात-आठ अंशांवर येऊ द्या आणि पुन्हा हुंगा. मे महिन्यात आपल्याकडे दहा मिनिटंही लागत नाहीत. एकदा एका गिऱ्हाइकाने "वासच यीना" म्हणून परत केलेला ग्लास मी बोलता बोलता हातात धरून ठेवला आणि पाच मिनिटांनी त्यालाच परत दिला. तो म्हणाला, "हां, हा चांगलाय."

ग्लासही बघा. भांड्याच्या साबणाचा थर किंवा तेलकट फडक्याने पुसलेला ग्लास असेल तर फेस टिकत नाही, आणि फेसाबरोबर वर येणारा वास दबतो. ओल्या ग्लासात आतून मीठ भुरभुरवा. सगळीकडे सारखं चिकटलं तर ग्लास स्वच्छ.

साक्षीदार बाटली

ही युक्ती मला फार उशिरा सुचली. आधी सुचली असती तर कित्येक केग विनाकारण उघडले नसते.

फर्मेंटरमधून (बिअर आंबवायच्या भांड्यातून) केगमध्ये बिअर घेताना तीच बिअर अर्ध्या लिटरच्या प्लास्टिकच्या सोड्याच्या बाटलीत तळापासून भरा. बाटली दाबून आतली सगळी हवा बाहेर काढा आणि बिअर तोंडाशी आली की झाकण लावा. केगशेजारी त्याच थंडीत ठेवा. पाच-सहा दिवसांनी दोन्ही शेजारी शेजारी ओता.

बाटली चांगली आणि केग खराब: दोष केगमध्ये, नाहीतर गॅसमध्ये. दोन्ही सारखेच खराब: दोष केगच्या आधी आहे, म्हणजे फर्मेंटर, हॉप किंवा बदली करायची पद्धत. दोन्ही चांगले: तुमची नळी किंवा तुमचं नाक. महिनाभर ठेवायला ही बाटली चालणार नाही, कारण प्लास्टिकमधून हवा हळूहळू आत येते. पण आठवड्यापुरती साक्ष ती चोख देते.

आतेभावाला मी एवढंच सांगितलं: पुढच्या खेपेला हॉप वाढवू नको, बाटली भर.

पहिला ग्लास खराब असेल तर: नळी

पाच मिलिमीटर आतल्या व्यासाच्या तीन मीटर नळीत साधारण ६० मिलि बिअर उभी राहते. नळी कूलरच्या बाहेरून जात असेल तर ती बिअर रात्रभर गरम होते, आणि साध्या पारदर्शक प्लास्टिकमधून ऑक्सिजन शिरतो. सकाळचा पहिला घोट म्हणूनच पुठ्ठ्यासारखा लागतो. शिवाय अशी नळी सुगंधी तेलं स्वतःत शोषून घेते. कधी आल्याची सोडा तिच्यातून गेली असेल तर वर्षभर तीच चव सांगत बसते.

नळी पंधरा दिवसांतून एकदा अल्कली क्लीनरने धुवा, मग स्वच्छ पाण्याने भरपूर खळखळा. हातमोजे आणि चष्मा घालूनच. नळी जुनी, पिवळी पडलेली असेल तर धूत बसू नका, बदला. आणि सिलिकॉनची नळी तर लावूच नका. मऊ, स्वच्छ, दिसायला छान, पण ऑक्सिजनसाठी ती चाळणी आहे. गरम वर्टसाठी (न आंबलेल्या गोड काढ्यासाठी) ठीक, तयार बिअरसाठी नाही.

एक बारीक गोष्ट. स्टीलच्या केगमध्ये ऊन जात नाही. पण पारदर्शक नळीतल्या किंवा ग्लासातल्या बिअरवर थेट ऊन पडलं तर काही मिनिटांत उग्र, रानमांजरासारखा वास सुटतो. गच्चीवर बिअर ओतणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा. केगवर आळ घेऊ नका.

हॉपचं पाकीट

पाकीट फोडल्याबरोबर थोडे पेलेट तळहातावर चुरडा आणि हुंगा. चीजचा वास आला तर तिथेच थांबा. पुढचं काहीही करून तो वास जाणार नाही. रंगही बघा: हिरवे ठीक, तपकिरी वाईट.

आपल्याकडे हॉप फारसं पिकत नाही, बहुतेक बाहेरून येतं, आणि शेवटचा टप्पा कुरिअरच्या टेम्पोत. मे महिन्यात परभणी-नांदेडकडे पारा ४२-४३ ला टेकतो, बंद टेम्पोत त्याहून वर. साधारण १५ अंश तापमान वाढलं की हॉप खराब होण्याचा वेग दुप्पट होतो, असा ठोकताळा आहे. म्हणजे डीप फ्रीजरमध्ये उणे १८ वर ठेवलेलं आणि ४२ च्या टेम्पोत फिरलेलं यांत चार दुपटींचा फरक. माझा नियम साधा: वर्षभराचं हॉप डिसेंबर-जानेवारीत मागवायचं, हवाबंद चंदेरी पाकिटातच घ्यायचं, आलं की लगेच डीप फ्रीजरमध्ये टाकायचं. उघडलेलं पाकीट हवा काढून सील करायचं आणि महिन्याच्या आत संपवायचं.

हे कुणाला समजत नसेल तर मी येसराचा डबा सांगतो. आई धणे अख्खे ठेवते, लागतील तेवढेच भाजून कुटते आणि डब्याचं झाकण घट्ट लावते. धण्याच्या वासातला मुख्य घटक लिनालूल, आणि हॉपच्या फुलासारख्या वासातही तोच असतो. झाकण सैल राहिलेल्या डब्यातला येसर चार महिन्यांनी कसा लागतो, हे मराठवाड्यात कुणाला शिकवायला नको.

गॅस मुरतोय कुठं

आता हाताला काम. खर्च अजून पाच-पन्नास रुपयांचाच.

साबणाचं दाट पाणी करा, ब्रशने केगच्या झाकणावर, दोन्ही पोस्टवर (गॅसची आणि बिअरची नळी जोडायच्या तोंडांवर), सुरक्षा झडपेवर, रेग्युलेटरच्या प्रत्येक जोडावर लावा आणि मिनिटभर शांत बघा. मोठा बुडबुडा लगेच दिसतो. बारीक गळती मात्र पांढऱ्या फेसाच्या ठिपक्यासारखी हळूहळू उगवते, त्यासाठी बॅटरी घेऊन खाली वाकावं लागतं. झाकणाची ओ-रिंग (रबरी कडी) नीट बसण्यासाठी सुरुवातीला ३० पीएसआय (दाबाचं माप) दाबाचा एक झटका द्या, मग दाब कमी करा. बऱ्याच "गळक्या" केगांचं दुखणं एवढ्यानेच बरं होतं.

तुम्ही विचाराल, गॅस बाहेर जातोय तर हवा आत कशी येईल? दोन वाटांनी. एक, सिलेंडर रात्रीत रिकामं होतं, केगमधला दाब उतरतो, बिअर थंड होत जाते आणि आत ओढ तयार होते. दोन, रबरातून ऑक्सिजन स्वतःच्या हिशोबाने आत येतो. बाहेर हवेत २१ टक्के, आत जवळजवळ शून्य. आतल्या कार्बन डायऑक्साइडचा दाब कितीही असला तरी ऑक्सिजनला त्याचं सोयरसुतक नसतं.

म्हणून ओ-रिंगा. प्रत्येक केगला पाच: झाकणाची मोठी, पोस्टच्या दोन, डिप ट्यूबच्या (पोस्टखालून केगमध्ये उतरणाऱ्या नळ्यांच्या) दोन. डिप ट्यूबची सर्वात जास्त विसरली जाते, कारण पोस्ट खोलल्याशिवाय ती दिसतच नाही. आमच्या चार केगांपैकी तीन नंबरची बिअर कायम आधी मरायची. साबणाच्या पाण्याला काही सापडेना. शेवटी पोस्ट खोलून ती रिंग नखावर घेतली आणि ताणून बघितली. आतल्या बाजूला केसाएवढी चीर. आधी कुणीतरी पाना जास्त आवळला होता. तिथे नवी रिंग बसवली आणि तीन नंबर नीट चालायला लागला.

रिंगा फूड ग्रेडच घ्या. चिकलठाण्याला हायड्रॉलिकवाल्याकडे मापाची रिंग पाच मिनिटांत मिळते, पण तिला तेलाचा वास असतो आणि तो बिअरला लागतो. बसवताना फूड ग्रेड ग्रीसचं बोट फिरवा, साधं ग्रीस नको. आणि सिलेंडर-रेग्युलेटरच्या जोडावर टेफ्लॉन टेप गुंडाळू नका. तिथे वॉशर सील करतो, आटे नाही.

सिलेंडर किती भरलंय हे काट्यावरून ठरवू नका, निदान उन्हाळ्यात तरी. कार्बन डायऑक्साइड ३१ अंशांच्या वर द्रव राहतच नाही. हिवाळ्यात काटा स्थिर असतो आणि गॅस संपता संपता एकदम पडतो. आपल्या उन्हाळ्यात तो तापमानाबरोबर वर-खाली नाचतो आणि काहीच खरं सांगत नाही. वजनकाटा घ्या. सिलेंडरवर रिकामं वजन कोरलेलं असतं, ते वजा करा, उरला तो गॅस. सिलेंडर उन्हात ठेवू नका, हे वेगळं सांगायला नको.

खरी चोरी होते ती इथे: केग भरताना

इथे जरा थांबून वाचा. माझ्या अनुभवात निम्म्याहून जास्त तक्रारींचं मूळ या एका तासात असतं.

आकडा बघा. १९ लिटरच्या केगमध्ये वर फक्त एक लिटर हवा राहिली तर तिच्यात साधारण २७५ मिलिग्रॅम ऑक्सिजन असतो. बिअरमध्ये तो पसरला की लिटरमागे सुमारे १५ मिलिग्रॅम. मोठ्या कारखान्यात हॉपवाल्या बिअरच्या पॅकिंगमध्ये ०.०५ मिलिग्रॅमच्या खाली राहायची धडपड असते. ३०० पट. बरं, हवा फक्त १० मिलि शिरली, म्हणजे चहाचे दोन चमचे, तरी लिटरमागे ०.१४ मिलिग्रॅम होतात. दोन चमच्यांनीच मोठ्या कारखान्याची मर्यादा तिप्पट ओलांडली.

"मी वरून गॅस सोडला होता, कार्बन डायऑक्साइड जड असतो, त्याची चादर बसते" असं मला दर महिन्याला कुणीतरी सांगतं. चादर बसत नाही. गॅस एकमेकांत मिसळतात, उदबत्तीचा धूर खोलीत मिसळतो तसे. रिकाम्या केगमध्ये ३० पीएसआय भरून सोडलं तर आतला ऑक्सिजन साधारण एक तृतीयांश होतो. २१ टक्क्यांवरून सातवर, मग सव्वादोनवर. पाच वेळा केलं तर ०.०८ टक्के, दहा वेळा केलं तर दशलक्षात तीन भाग. म्हणजे तीन वेळा फुस्स करून समाधान मानलं तर काम अर्धवट राहतं, आणि दहा वेळा केलं तर गॅस खूप जातो.

यापेक्षा सोपं: केग निर्जंतुक करणाऱ्या द्रावणाने काठोकाठ भरा. ओसंडू द्या, झाकण लावा, केग थोडा तिरका करून गॅसच्या पोस्टमधून उरलेला बुडबुडा काढा. मग गॅसने पाच पीएसआयवर ते सगळं द्रावण बिअरच्या पोस्टमधून बाहेर ढकला. जिथे पाणी होतं तिथे आता फक्त गॅस. द्रावण फेकायचं नाही, थेट पुढच्या केगमध्ये घ्यायचं. २०१६च्या दुष्काळात उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने दारू-बिअर कारखान्यांच्या पाण्यात कपात केली होती. तेव्हापासून आमच्या भागात १९ लिटर पाणी मोरीत सोडताना हात अडखळतो.

त्याहून स्वस्त हवं असेल तर फर्मेंटरचा स्वतःचा गॅस वापरा. १९ लिटर साधारण ताकदीची बिअर आंबताना ४०० लिटरच्या आसपास गॅस सोडते, म्हणजे वीसेक केग भरतील एवढा. फर्मेंटरची नळी केगच्या बिअरच्या पोस्टला जोडा, एअरलॉक (गॅस बाहेर सोडणारा पाण्याचा सापळा) गॅसच्या पोस्टकडे लावा. चार दिवसांत केग आपोआप धुऊन निघतो.

मग बदली बंद नळीतूनच: फर्मेंटरमधून केगच्या बिअरच्या पोस्टमध्ये, तळापासून वर. केगमधला गॅस दुसऱ्या नळीने परत फर्मेंटरच्या डोक्यावर. कुठेही बिअर हवेत पडता कामा नये. उघड्या केगमध्ये वरून बादलीसारखी ओतणार असाल, तर हॉपवर पैसे घालवू नका, गव्हाची बिअर करा.

आणखी एक चोरवाट, जी कुणाच्या लक्षात येत नाही. फर्मेंटर २० अंशांवरून दोन अंशांवर गार करताना वरचा गॅस आकसतो. वर पाच लिटर जागा असेल तर नुसत्या आकसण्याने ३०० मिलि हवा एअरलॉकमधून आत ओढली जाते, शिवाय गार बिअर वरचा गॅस स्वतःत घेते ते वेगळंच. दोन चमच्यांचा हिशोब आठवा. गार करताना फर्मेंटरला हलक्या दाबाचा गॅस किंवा गॅसने भरलेला फुगा जोडून ठेवा.

आता माझी स्वतःची चूक. सुरुवातीला मी रोज संध्याकाळी केगचा दाब सोडायचो, झाकण उघडायचो आणि वास "आहे ना" हे बघायचो. छान यायचा, नाकात भरायचा. आठ दिवसांनी तो नसायचा. आत हवा जात होती हे एक, आणि जो वास मी घेत होतो तो बिअरमधूनच निघून जात होता हे दुसरं. गॅस पटकन मुरावा म्हणून केग हलवून वारंवार दाब सोडणारेही हेच करतात. चार अंशांवर १२ पीएसआय लावा आणि आठवडाभर गप्प बसा.

थंडी आणि लोडशेडिंग

कारखान्यातला एक जुना ठोकताळा: ३२ अंशांवर तीन दिवस, २२ वर तीस दिवस, तीनवर तीनशे दिवस, बिअर साधारण सारखीच म्हातारी होते. काटेकोर शास्त्र नाही, पण दिशा बरोबर. दुपारी चार तास वीज गेली आणि कूलर १८ वर गेला, तर त्या एका दिवसाचा हिशोब जवळजवळ दोन दिवसांचा होतो. केगभोवती बर्फाच्या लाद्या, थर्माकोल, ओलं गोणपाट, काहीही चालेल. कमाल-किमान दाखवणारा थर्मामीटर आत ठेवा. कूलरच्या दारावरचा आकडा खोटं बोलतो.

हॉप टाकायची वेळ

हे पटकन. उकळताना टाकलेलं हॉप कडूपणा देतं, वास वाफेबरोबर जातो. वासासाठी आच बंद करून ७५-८० अंशांवर वीस मिनिटं, आणि नंतर ड्राय हॉप. आंबणं जोरात चालू असताना ड्राय हॉप टाकलं की खोलीभर घमघमाट सुटतो आणि माणूस खूश होतो. खोलीत आला म्हणजे बिअरमधून गेला. आंबणं संपत आल्यावर टाका, दोन-तीन दिवस पुरेत. लिटरमागे पाच ग्रॅम, म्हणजे केगला ९५ ग्रॅमच्या आसपास, भरपूर झालं. केगमध्येच जाळीत टाकायचं असेल तर थंडच ठेवा, गरम राहिलं तर गवतासारखी चव येते. जाळी टाकायला झाकण उघडावंच लागतं, म्हणून नंतर फुस्स करायचं ते दहा वेळा. लोण्याचा वास येत असेल तर घाई झाली आहे: ड्राय हॉपनंतर १८-२० अंशांवर अजून तीन-चार दिवस थांबा, मगच गार करा.

पाण्याचं: टँकर किंवा बोअरचं जड पाणी कडूपणा खरखरीत करतं आणि त्यात वास दबतो. आरओ घ्या, थोडं जिप्सम घाला. नळाच्या पाण्यात क्लोरीन असेल तर अर्धी चिमूट पोटॅशियम मेटाबायसल्फाइट आधीच. हेच सल्फाइट केग भरताना १९ लिटरला अर्धा ग्रॅम टाकलं तर उरलासुरला ऑक्सिजन थोडाफार गिळतं. पण हा टेकू आहे. गळका केग त्याने बरा होत नाही, आणि दम्याच्या माणसाला सल्फाइटचा त्रास होऊ शकतो, तेव्हा पिणाऱ्याला सांगा.

इथे थांबा, माणूस बोलवा

रेग्युलेटर १२ वर लावला आणि सकाळी काटा २५ वर दिसला, तर तो खोलू नका. आतल्या झडपेची बैठक गेली आहे. गॅस बंद करा आणि दुरुस्तीला द्या, किंवा नवा घ्या.

सिलेंडरच्या व्हॉल्व्हमधूनच गळत असेल तर पाना लावू नका. बाहेर मोकळ्या जागेत उभं करून गॅसवाल्याला बोलवा. तपासणीची तारीख उलटलेलं सिलेंडर भरून घेऊ नका. आगीच्या बंबाचं सिलेंडर जुगाड म्हणून लावू नका: त्यात बहुधा तळापर्यंत नळी असते, गॅसऐवजी द्रव येतो आणि रेग्युलेटर फुटतो. वेल्डिंगवाल्याकडचा गॅस शुद्धतेच्या कागदाशिवाय घेऊ नका, त्यात आर्गॉनचं मिश्रणही असू शकतं.

छोट्या बंद खोलीत गॅस सुटला आणि डोकं जड झालं, धाप लागली, तर शोधत बसू नका. बाहेर पडा, दारं उघडा. आत कुणी पडलेलं दिसलं तर वाचवायला एकट्याने शिरू नका, अग्निशमन दलाला बोलवा.

केगच्या सांध्यावर बारीक छिद्र असेल तर गावातल्या वेल्डरकडून डाग मारून घेऊ नका. दाबाचं भांडं आहे. भंगारात द्या. सुरक्षा झडप गळते म्हणून तिथे बोल्ट ठोकलेला केग मी एकदा बघितलाय, त्याच्याजवळ उभंही राहिलो नाही.

कूलरला हात लावला की झिणझिण्या येत असतील तर आधी मेन बंद, मग इलेक्ट्रिशियन. कॉम्प्रेसर चालू आहे पण थंडी येत नाही, तर रेफ्रिजरेशनवाला.

आणि वरचं सगळं करूनही साक्षीदार बाटली चांगली आणि केग खराब निघत असेल, तर ऑक्सिजन मोजायचं मीटर असलेल्या ब्रुअरीकडे एक केग घेऊन जा. मीटर महाग आहे, विकत घेऊ नका. दहा मिनिटांच्या मोजणीत कळतं.

आतेभावाने परवा फोटो पाठवला. बाटली पिवळी, केगचा ग्लास तपकिरी. आता तो डिप ट्यूबच्या रिंगा मागवतोय.